सोळा आण्यांचं सुख
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही सूतगिरणीतले कामगार. शाळा अर्ध्यावर सुटली. पुढचं जे काही शिक्षण झालं ते वस्तीच्या वाचनालयात आणि युनियनच्या बैठकांत. समितीने विषय दिला आहे, ‘रोजच्या जगण्यातले तत्त्वज्ञान’. तत्त्वज्ञान म्हटलं की आपल्या माणसाला वाटतं, हे कॉलेजवाल्यांचं काम, आपला काय संबंध? पण ३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आकाशवाणीवरून आपल्या जीवनाच्या तत्त्वज्ञानाविषयी भाषण केले. प्रत्येक माणसापाशी तत्त्वज्ञान असले पाहिजे, कारण आपले वागणे मोजायला माप लागते, असा त्याचा आशय होता. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली, हेही त्यांनी त्यातच सांगितले.

मित्रहो, माप ही गोष्ट गिरणीवाल्याला शिकवावी लागत नाही. एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात, त्यावरून सुताचा नंबर ठरतो. चाळीस लडी बसल्या तर चाळीस नंबर. ज्याला नंबर काढता येत नाही त्याच्या गळ्यात कोणीही जाडंभरडं सूत बारीक म्हणून मारील. जगण्याचंही तसंच आहे. आपलं माप आपल्याजवळ नसलं की दुसरा त्याचं माप आपल्या हातात देतो. आज आपल्या वस्तीत यशाचं माप कोणाचं चालतं? गाडी कोणती, मोबाइल कितीचा, लग्नाला हॉल केवढा, पंगतीत पदार्थ किती. हे माप टीव्हीवाल्याचं आणि दुकानदाराचं आहे. त्या मापानं मोजलं तर कष्टकरी माणूस सदा कमीच भरणार.

मग आपलं माप कोणतं? भगवान बुद्धांनी अनाथपिंडिक या उपासकाला संसारी माणसाची चार सुखे सांगितली. अंगुत्तर निकायात ती आहेत. पहिले अत्थिसुख, म्हणजे कष्टाने आणि सचोटीने मिळवलेले आपल्यापाशी आहे याचे सुख. दुसरे भोगसुख, ते मिळवलेले स्वतः उपभोगण्याचे आणि त्यातून चांगली कामे करण्याचे सुख. तिसरे अनणसुख, कोणाचेही थोडे वा फार देणे नाही याचे सुख. आणि चौथे अनवज्जसुख, काया-वाचा-मनाने आपल्या हातून काही निंद्य घडत नाही याचे सुख.

काही लोक म्हणतात, बुद्धाने दुःखच दुःख सांगितले. त्यांनी ही चार सुखे वाचावीत. आणि त्यांचा क्रमही पाहावा. पहिलं सुख ‘असण्याचं’ आहे. गरिबीत राहा आणि समाधान माना, असा उपदेश इथे नाही. धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवता कामा नये, असे बाबासाहेबांनी १९५० सालच्या बुद्ध आणि त्यांच्या धम्माच्या भवितव्यावरील लेखात स्पष्ट मांडले आहे. म्हणून पगारवाढीसाठी गेटवर बसणारा कामगार काही धम्माच्या बाहेर जात नाही. तो पहिल्या सुखाचा हक्क मागतो.

आता तिसऱ्या सुखाकडे येऊ, कारण आज आपल्या घराघरात दुखणं तिथंच आहे. आमच्या रिंग खात्यातला एक सोबती. हाताला इतका चपळ, की धागा तुटायचा अवकाश, याने सांधलाच. पोराने हट्ट धरला म्हणून हप्त्यावर मोटारसायकल घेतली. हप्ता थकला म्हणून बचत गटाचं उचललं. ते फेडायला मोबाइलवरच्या ॲपमधून घेतलं. शेवटी वसुलीवाले गिरणीच्या गेटवर येऊन सगळ्या पाळीसमोर नाव घेऊन ओरडू लागले. गडी मागच्या भिंतीकडून कामावर यायला लागला. ज्या माणसानं मुकादमापुढे कधी मान खाली घातली नाही, तो स्वतःच्या गल्लीत तोंड लपवून चालू लागला. बंधूंनो, कर्जानं नुसता पैसा जात नाही, माणसाचा ताठ कणा जातो. ज्यासाठी आपल्या बापजाद्यांनी एवढा लढा दिला, तो स्वाभिमानच गहाण पडतो.

यावर कोणी विचारील, “सगळं कर्ज काय चैनीचं असतं का?” मुळीच नाही. म्हातारी दवाखान्यात असते, पोरीची फी भरायची असते, गिरणीचं टाळं निघत नाही आणि थकलेला पगार मिळत नाही. अशा कर्जाबद्दल माणसाला दोष देणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. त्या कर्जाचं उत्तर संघटनेत आहे, सरकारी दवाखान्यात आणि शिष्यवृत्तीत आहे, आणि त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण दवाखान्याचं कर्ज वेगळं आणि डीजेचं कर्ज वेगळं. दोन्ही एका पारड्यात घालू नका.

पारड्याची गोष्ट भगवंतांनीच सांगितली आहे. दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाने विचारले, की आम्ही लेकराबाळांत राहणारी संसारी माणसे, आमच्या हिताचे काही सांगा. तेव्हा भगवंतांनी चार गोष्टी सांगितल्या. उद्योगात दक्ष राहा, मिळवलेले सांभाळा, चांगल्या माणसांची संगत धरा आणि जमाखर्च सम ठेवा. तराजू धरणाऱ्याला जसं कळतं, की पारडं इतकं वर गेलं, इतकं खाली आलं, तसं संसारी माणसाला कळलं पाहिजे. थोडी मिळकत आणि मोठा थाट, त्याला उंबरं खाणाऱ्याची उपमा दिली आहे. झाड गदागदा हलवायचं, खायची चार, पायदळी चाळीस! पण मोठी मिळकत असून हालात जगणाराही त्यांनी बरा म्हटलेला नाही. तो उपाशी माणसासारखा मरतो. म्हणजे कंजूषपणा नको आणि उधळपट्टीही नको. संपत्ती गळून जाण्याच्या चार वाटाही सांगितल्या: बाईबाजी, दारू, जुगार आणि वाईट संगत. अडीच हजार वर्षांत त्या वाटा काही बदलल्या नाहीत. जुगार तेवढा अड्ड्यावरून खिशातल्या मोबाइलमध्ये आला.

हे सगळं ऐकायला सोपं, पण अंगी कसं बाणायचं? तर सवयीनं. कापसाचा तंतू इंच-सव्वा इंचाचा. चिमटीत ओढला की सुटतो. त्याच तंतूंना पीळ बसला की सूत होतं आणि सुताचं कापड होऊन अंग झाकतं. एक दिवस पंचशील म्हटलं, तो एक तंतू. रोज आचरलं की पीळ बसतो. आमच्या ओळखीच्या एका माउलीनं नवऱ्याच्या पगाराचा हिशोब वीस वर्षं शंभर पानी वहीत लिहिला. शाळा चौथी. पण त्या घरात सावकाराचं पाऊल पडलं नाही आणि दोन्ही पोरी शिकल्या. ही बाई यशस्वी नाही असं कोण म्हणेल? तिचा सत्कार मात्र अजून कुठल्या मंचावर झालेला आम्ही पाहिला नाही.

तरुणांना दोन शब्द. शिका, साहेब व्हा, आम्हाला आनंदच आहे. पण १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या माणसांविषयीची खंत बोलून दाखवली, ती विसरू नका. वस्तीतून वर गेला आणि वस्तीलाच विसरला, ते यश पहिल्या दोन सुखांपाशीच अडकलं.

शेवटचं सुख निर्दोष वर्तनाचं. आधीच्या तिन्ही सुखांना त्याच्या सोळाव्या हिश्श्याचीही सर नाही, असे त्या सुत्ताचे सांगणे आहे. सोळावा हिस्सा म्हणजे जुन्या रुपयातला एक आणा! हे सुख गरिबालाही मिळतं आणि कोणी जप्त करू शकत नाही. पण ते आधी कार्यकर्त्यांनी कमवायला हवं. हा विहार पाच-पाच, दहा-दहा रुपयांच्या वर्गणीतून उभा राहिला. आयाबायांनी कामावरून येऊन विटा वाहिल्या. म्हणून समितीला आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, जयंतीच्या आणि विहाराच्या वर्गणीचा पै-पैचा हिशोब दर महिन्याला या फळ्यावर लागावा. दुसरी, जयंतीच्या खर्चासाठी कोणाच्याही नावावर कर्ज काढू नये आणि उरलेल्या पैशातून दवाखाना व फीसाठी मदतनिधी सुरू करावा. तिसरी, पुढच्या वर्धापनदिनी गुणवंत विद्यार्थ्यांबरोबर अशा वहीवाल्या माउलींचाही सत्कार व्हावा.

माप बदललं की माणूस बदलतो आणि माणूस बदलला की वस्ती बदलते. 

नमो बुद्धाय! जय भीम!