कऱ्हेकाठी आपले स्वागत

माननीय संमेलनाध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि गावोगावहून आलेल्या लेखक बंधू-भगिनींनो,

बारामती आणि इंदापूरकरांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

हे कविवर्य मोरोपंतांचे गाव आहे. १७२९ मध्ये पन्हाळ्यावर जन्मलेले पंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने येथे आले, नाईकांकडे पुराण सांगू लागले आणि १७९४ मध्ये देह ठेवीपर्यंत बारामतीचेच राहिले. आर्या लिहावी तर पंतांनीच, हे साऱ्या मराठी मुलुखाने मानले. त्यांच्या नावावर १०८ रामायणे आहेत. त्यांतले निरोष्ठ रामायण मला सर्वांत प्रिय. ते म्हणताना ओठाला ओठ लागत नाही. प, फ, ब, भ, म ही अक्षरेच वर्ज्य. म्हणजे रामकथा सांगायची, पण ‘राम’ म्हणायचे नाही!

स्थळवर्णन हा या संमेलनाचा विषय. पंतांचा हा नेम तिथेही चालावा, असे मला वाटते. ‘निसर्गरम्य’, ‘गजबजलेले’ हे सवयीचे शब्द वर्ज्य करून आमचा परिसर पाहावा. गाळपाच्या दिवसांत वाऱ्यावर येणारा मळीचा आंबूस वास, गुऱ्हाळात काहिलीच्या काठापर्यंत फुगून येणारा फेस, भिगवणला वाळत घातलेली मासळी, उजनीच्या उथळ पाण्यात चोच उलटी घालून गाळ चाळणारे रोहित. नाव न घेता पंतांनी राम उभा केला. तसे नाव न घेता आपण गाव उभे करावे आणि वाचकाने ते ओळखावे.

आता व्यवस्थेविषयी. निवासाची सोय वसतिगृहांत केली आहे. खोल्या लहान आहेत, गरम पाणी सकाळीच मिळेल. भोजनमंडप सभागृहापासून थोडा लांब पडतो. ज्येष्ठांसाठी रिक्षा ठेवल्या आहेत. कालवण तिखट लागले तर ताक मागून घ्यावे, संकोच करू नये. कार्यकर्ते तरुण आहेत, त्यांच्या हातून काही राहून गेले तर मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे.

धान्य आणि गूळ देणारे मार्केट यार्डातील व्यापारी, भाकरीचा भार उचलणाऱ्या बचत गटांच्या भगिनी, भाजी पोहोचवणारे शेतकरी, पैसे न घेता मंडप घालणारे कारागीर आणि नाव जाहीर करू नका म्हणणारे अनेक दाते, या सर्वांचे ऋण समितीवर आहे. ते आपण भरभरून लिहिलेत की फिटेल.

संमेलनाध्यक्षांनी आता सूत्रे हाती घ्यावीत, ही विनंती. जय महाराष्ट्र!