पडद्यावरचा रस्ता आणि कडेचा खांब



दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला उभारतात. तटबंदी, बुरूज, अळिवाची हिरवळ, सिंहासनावर महाराज, सारे यथास्थित असते. आणि महादरवाजाशी मात्र बंदूकधारी प्लास्टिकचा सैनिक पहारा देत असतो! लहानांचा हा प्रमाद आपण कौतुकाने पाहतो. परंतु संगणकावर इतिहास उभा करणाऱ्या मोठ्यांकडून तोच प्रमाद घडला तर?

संगणकावरील मोटारशर्यतींकडे पालक संशयाने पाहतात, आणि ते अगदीच अनाठायी नाही. तथापि याच क्षेत्रातील काही हौशी मंडळींची निष्ठा पाहण्याजोगी आहे. १९९८ साली अमेरिकेतील पॅपायरस या निर्मात्यांनी ‘ग्रांप्री लेजंड्स’ हा खेळ काढला. त्यात १९६७ चा हंगाम साकारला होता. त्या वर्षीची फ्रेंच ग्रांप्री ले मां येथे झाली होती. निर्मात्यांनी तिच्या जागी रुआंचा देखणा मार्ग घातला. पुढे जगभरच्या हौशींनी या खेळासाठी स्वतःचे मार्ग रचले, जुने, विस्मृतीत गेलेलेही.

आजच्या मार्गाची लेझरने मोजणी करता येते. ज्याचे रूपच पालटले, त्याची कशी करावी? तेथे जुनी छायाचित्रे, चित्रफिती, हवाई छायाचित्रे आणि नकाशे हाच आधार. छायाचित्रातील मोटारीची लांबी ठाऊक असते. तिच्या मापाने शेजारची भिंत मोजायची, सावलीवरून प्रेक्षागाराची उंची ताडायची. झाड म्हणजे बहुधा उभ्या पटावर चिकटवलेले चित्र; ते लावणे सोपे. अवघड असते ते अनावश्यक गोष्ट न लावणे. आजच्या छायाचित्रावरून रस्त्याकडेचे पोलादी कठडे उचलून १९६६ च्या देखाव्यात बसवले, की सारा इतिहास खोटा ठरतो.

बेल्जियममधील स्पाचा जुना मार्ग १४ किलोमीटरहून लांब होता. घरे, शेते, तारांचे खांब यांच्यामधून जाणारे ते नित्याच्या वापराचे रस्ते. १२ जून १९६६ रोजी पहिल्याच फेरीत पावसाने गाठले आणि अनेक मोटारी घसरल्या. जॅकी स्टुअर्ट यांची मोटार मास्टा वळणाजवळ रस्ता सोडून खांबाला धडकत एका शेतघराच्या आवारात जाऊन पडली. अंगावर पेट्रोल सांडत होते, पाय अडकलेले. सोडवायला कोणी अधिकृत पथक आले नाही. ग्रॅहम हिल आणि बॉब बाँडुरंट या दोघा स्पर्धकांनी एका प्रेक्षकाकडून अवजारे मागून आणली आणि सुमारे २५ मिनिटांनी त्यांना बाहेर काढले. त्यानंतर स्टुअर्ट पाना जवळ बाळगूनच शर्यतीत उतरू लागले. मार्गांच्या सुरक्षिततेसाठी त्यांनी दिलेला दीर्घ लढा येथूनच पेटला. १९६९ ची स्पा येथील शर्यत सुरक्षेच्या प्रश्नावरूनच रद्द झाली.

मग तो खांब म्हणजे केवळ शोभेची वस्तू कशी? तो वगळला, तर स्टुअर्ट कशासाठी भांडले हे पडद्यासमोरच्या मुलाला कळणार नाही.

आपल्याकडेही असा एक मार्ग होता. मद्रासजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धकालीन धावपट्टीवर अनेक वर्षे मोटारी धावल्या. १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टई येथे नवा मार्ग झाला. शोलावरमचा देखावा उभारायचा, तर प्रेक्षक कुठे बसत, पिंपे आणि गवताच्या पेंढ्या कुठे रचत, फलकांवर काय लिहिलेले असे, हे सांगणारी छायाचित्रे घरोघरच्या जुन्या अल्बमांतच शोधावी लागतील. दिवाळीच्या साफसफाईत ते अल्बम रद्दीत जाण्याआधी एकदा उघडून पाहावेत.