चाक का सुटत नाही?

(बाळकुम येथे गाडी चालवणाऱ्या मैत्रिणींपुढे केलेले भाषण)



2016 साली राज्य सरकारने रिक्षा परवान्यांत महिलांसाठी 5 टक्के आरक्षण ठेवले. रिक्षाचे हँडल, मोटारीचे स्टिअरिंग बायांच्या हाती आले. पाना मात्र बहुतेक पुरुषांच्याच हाती राहिला. गॅरेजात बाई गेली की विचारतात, "मिस्टर नाही आले?" मग सांगतील तो खर्च आपण मुकाट्याने देतो. म्हणून आज मोटारीच्या ब्रेकविषयी बोलते.

ब्रेक लागला नाही तर काय, ही भीती सगळ्यांना असते. ब्रेक सुटला नाही तरी धोका आहेच. पाय काढला तरी चाक धरलेले राहते. गाडी एका बाजूला ओढते, जळका वास येतो, पेट्रोल जास्त लागते. ब्रेक ऑइल तापून उकळले, तर कापूरबावडीचा पूल उतरताना पेडल खाली जाईल आणि ब्रेक लागणारच नाही.

संशय आला की गाडी सपाट जागी बाजूला घ्या. हात चाकाजवळ न्या, लावू नका. पाणी ओतू नका, तापलेली डिस्क तडकू शकते. कोणते चाक जास्त तापले, ते लक्षात ठेवा.

गॅरेजात समोर उभ्या राहा. ते चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवायला सांगा. फिरत नसेल तर ब्लीडिंग निपल जरा सैल करायला सांगा. चाक मोकळे झाले, तर ऑइलचा दाब आत अडकला होता. एकच चाक धरत असेल तर बहुधा रबरी पाइप आतून फुगलेला असतो. पेडलच्या जोराने ऑइल आत जाते, परत येत नाही. सगळीच चाके धरत असतील तर मास्टर सिलिंडर पाहावा. निपल सोडूनही चाक हलले नाही, तर कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना अडकल्या असतील.

मागच्या चाकांसाठी हँडब्रेकची केबलही पाहा. पावसाळ्यात आठवडाभर हँडब्रेक ओढून ठेवला की ब्रेक शू गंजून ड्रमला चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावा.

निपल उघडला असेल तर आतली हवा काढून पेडल कडक झाल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

माझ्या गाडीचे एक चाक धरत होते, तेव्हा चारही चाकांचे काम सांगण्यात आले. मी निपल सैल करायला लावला, चाक सुटले. एक पाइप बदलून भागले.

आपल्या शिबिरांत आपण कायद्याची कलमे समजून घेतो. तसा एक तास जॅक आणि पान्यालाही देऊ या. आणि बदललेला जुना भाग व बिल मागायला लाजू नका.