भोगवटादार म्हणजे आपणच
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषणाचा मजकूर)



९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. सतरा बालकांपैकी सात वाचली, दहा दगावली. त्याच वर्षी आपल्या नागपूरलगतच्या वाडीत, विरारला आणि तत्कालीन अहमदनगर येथेही रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत आगीने बळी घेतले.

कायदा नव्हता, असे मात्र नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा २००८ पासून अमलात आहे. इमारतीतील अग्निसुरक्षेची जबाबदारी तो मालकावर अथवा भोगवटादारावर ठेवतो. परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून, ती सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत अग्निशमन अधिकाऱ्यांकडे सादर करावे लागते. आमच्या मते या अधिनियमाचे मर्म या दोन महिन्यांतच आहे. इमारत उभी राहताना मिळालेला दाखला जन्मभर पुरत नाही. नळ गंजतात, पंप बंद पडतात, वातानुकूलन यंत्रांचा भार वाढतो आणि वायरी मात्र जुन्याच राहतात.

रुग्णालयाची गोष्ट इतर इमारतींहून वेगळी आहे. घंटा वाजली की चित्रपटगृहातील प्रेक्षक धावत सुटेल. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्ण कसा धावणार? प्राणवायू साचलेल्या खोलीत ठिणगीही झपाट्याने पेट घेते आणि ज्वाळेआधी धूरच जीव घेतो. अशा वेळी रात्रपाळीच्या परिचारिकेला दार कोणते, बाळ कोणी उचलायचे, प्राणवायूची झडप कोठे, हे विचारीत बसायला सवड नसते. ते सरावानेच अंगवळणी पडते. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून ज्या नगरीत आहे, तेथील रुग्णालयाने सरावात मागे राहणे शोभणारे नाही.

देणगीदारांना आम्ही स्पष्टच सांगतो. नव्या यंत्रासाठी दाते पुढे येतात, कारण त्यावर नावाची पाटी लागते. धूरसूचक यंत्राला किंवा पाण्याच्या टाकीला पाटी शोभत नाही, म्हणून तो खर्च नेहमी पुढल्या वर्षावर जातो. यंदा अग्निसुरक्षेच्या देखभालीसाठी स्वतंत्र निधी उभारावा, असा आमचा प्रस्ताव आहे. त्यातील रक्कम अन्य कामाकडे वळवता येणार नाही, अशी अटही विश्वस्तांनी त्यासोबतच घालावी.

आप्तजनांनाही एक विनंती. रात्री निजण्यासाठी जिन्यात अंथरूण टाकू नये. आपली अडचण आम्ही जाणतो, परंतु रुग्णाला उचलून नेण्याची वाट तीच आहे.

सभा संपल्यावर सर्वांनी कृपया मागील सुटकेच्या जिन्यानेच खाली उतरावे. चहापान तेथील अंगणात ठेवले आहे.