पोलादाची सपाटी



नेमबाजीच्या या परिषदेचं अध्यक्षपद यंदा आपण पदकविजेत्या नेमबाजाऐवजी एका धातुशास्त्रज्ञाला दिलंत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. गोळी टार्गेटला लागल्यानंतर पुढे काय होतं, यावर मोकळेपणाने बोलायची वेळ आली आहे असं आपल्यालाही वाटतं, असा याचा अर्थ मी घेतो. पोलादी टार्गेट कसं निवडावं आणि कसं वापरावं, या एकाच विषयावर आज मी बोलणार आहे.

नेमबाजीशी आपलं नातं जुनं आहे. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून आजही आपली मुलं राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचतात. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, आणि २०२४ साली पॅरिसला स्वप्नील कुसाळे यांनी ऑलिंपिकचं कांस्य आणलं. हे सगळं यश कागदी आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेटांवर मिळालेलं आहे. कागदातून गोळी पार जाते आणि मागच्या बटात, म्हणजे मातीच्या बांधात, थांबते. नेमबाजाला तिची पुन्हा भेट होत नाही. आपल्या रेंजवरच्या सवयी, आपले नियम आणि आपला निर्धास्तपणा, सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

पोलादी प्लेटवर ही गोष्ट बदलते. गोळी पार जात नाही. तिची सगळी ऊर्जा तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्याच बाजूला खर्च होते. नऊ मिलिमीटर पिस्तुलाची साडेसात ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेतीनशे मीटर वेगाने येते, म्हणजे सुमारे ४६० ज्यूल ऊर्जा घेऊन येते. या ऊर्जेने फुटलेले तुकडे कुठे जातील, हे प्लेट ठरवते.

तरीही मी पोलादी टार्गेटांच्या बाजूचा आहे. मेक्सिकोत रुजलेल्या धातूच्या आकृत्यांच्या खेळात २०० मीटरवर कोंबडी, ३०० वर डुक्कर, ३८५ वर टर्की आणि ५०० मीटरवर मेंढा उभा असतो, आणि या आकृत्यांना गोळी नुसती लागून भागत नाही, त्या पडाव्या लागतात. बायथलॉनमध्ये ५० मीटरवरची वर्तुळं झोपून मारताना ४५ मिलिमीटरची, उभ्याने ११५ मिलिमीटरची असतात. लागलं की नाही ते त्याच क्षणी कळतं. प्लेटचा तो खणखणीत आवाज नवशिक्याला जे शिकवतो, ते शंभर सूचनांनी होत नाही. म्हणूनच आपल्या क्लबांना अशा प्लेट हव्या आहेत, आणि त्या हव्यात हे योग्यच आहे. मला काळजी आहे ती त्या कुठून येतात याची.

वेगाने आलेलं शिसं कठीण, सपाट पृष्ठभागावर आदळलं की क्षणभर द्रवासारखं वागतं. नळाखाली चमचा धरून पाहा. पालथ्या चमच्यावर पाणी चहूकडे पसरतं. तोच चमचा सुलटा केला की पाणी उसळून अंगावर येतं. सपाट प्लेटवरून शिशाचे शिंतोडे प्लेटच्या पृष्ठभागाला धरून, साधारण वीस अंशांच्या आत, कडांच्या दिशेने निघून जातात. त्याच प्लेटवर खळगा पडलेला असेल तर पुढची गोळी त्या खळग्यात वळते आणि तिचा तुकडा आल्या वाटेने परत येतो. पोलादी टार्गेटची सुरक्षितता म्हणजे ही सपाटी. कठीणपणा, जाडी, अंतर, कोन आणि दारूगोळा यांबद्दलचे सगळे नियम ही सपाटी टिकवण्यासाठी आहेत.

आता कठीणपणाकडे येतो. आपल्याकडे प्लेट हवी असली की क्लबचा सचिव जवळच्या फॅब्रिकेटरकडे जातो आणि तिथे पडलेली एम.एस., म्हणजे माइल्ड स्टीलची, प्लेट कापून आणतो. काही वेळा भंगारातून आणतो. साध्या एम.एस. प्लेटचा ब्रिनेल कठीणपणा १३० च्या आसपास असतो. टार्गेटसाठी लागतो ५०० च्या घरातला. ब्रिनेल चाचणीत दहा मिलिमीटरचा गोळा तीन हजार किलोच्या भाराने दाबतात आणि उमटलेल्या खड्ड्याचा व्यास मोजतात. एम.एस.वर तो पाच मिलिमीटरहून थोडा मोठा येतो, ५०० च्या प्लेटवर पावणेतीनच्या आसपास. गोळी याहून कितीतरी जोराने आदळते. तेव्हा एम.एस. प्लेटवर पहिल्याच दिवशी काय होतं, ते सांगायला नको.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येतं: मग जाड घेऊ. बारा नको, वीस मिलिमीटर घेऊ. हा युक्तिवाद मला सर्वांत धोकादायक वाटतो, कारण तो शहाणपणाचा वाटतो. जाडीने प्लेट वाकत नाही आणि आरपार भोक पडत नाही, हे खरं. पण खळगा वरच्या दोन-तीन मिलिमीटरांत पडतो, आणि तिथे एम.एस. एम.एस.च राहतं. जाड आणि मऊ प्लेट ही वर्षानुवर्षं टिकणारी, न मोडणारी आणि दर आठवड्याला अधिक धोकादायक होत जाणारी वस्तू असते.

योग्य पोलाद मिळवणं आपल्याकडे अवघड नाही. डंपरचे हौदे, खाणीतल्या बकेटा, कारखान्यांतल्या घर्षण सोसणाऱ्या च्यूट यांसाठी झीजरोधक प्लेट वापरतात. हार्डॉक्स ५०० हे त्यातलं परिचित नाव; तिचा ब्रिनेल ४७० ते ५३० असतो. पिस्तुलासाठी आणि शंभर मीटरपलीकडच्या सर्वसाधारण रायफलीसाठी दहा मिलिमीटर जाडी पुरते, त्याहून दमदार काडतुसांसाठी बारा घ्यावी. विकणाऱ्याकडून टेस्ट सर्टिफिकेट मागा, त्यावरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या ओतीचा क्रमांक, प्लेटवरच्या शिक्क्याशी ताडून पाहा. शिक्का नसलेला तुकडा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. शंका असेल तर जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा प्रयोगशाळेत कठीणपणा मोजून घेता येतो.

प्लेट चांगली मिळाली तरी ती कापताना बिघडू शकते. हे पोलाद तापवून, झटक्यात थंड करून कठीण केलेलं असतं. अडीचशे अंश सेल्सियसच्या वर ते पुन्हा तापलं की कठीणपणा उतरू लागतो. गॅस कटरने कापलं तर कडेची पट्टी मऊ पडते. पाण्याच्या झोताने कापलं तर उष्णता लागतच नाही. लेसरने लागते, पण अरुंद पट्ट्यात. सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे वेल्डिंग. एका रेंजवर मी पाहिलेल्या प्लेटच्या पाठीवर लटकवण्यासाठी दोन हुक वेल्ड केलेले होते. समोरच्या बाजूला बरोबर त्या दोन जागी खळग्यांची दाटी होती, बाकी प्लेट आरशासारखी होती. पाठीवर लागलेली आच पुढच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचली होती, आणि रंगाखाली ते कोणाला दिसत नव्हतं. म्हणून टार्गेटच्या प्लेटला वेल्डिंग करायचं नाही. भोकं कापतानाच पाडून घ्यायची आणि गोल डोक्याच्या बोल्टने बसवायची. लटकवायची असेल तर साखळीऐवजी जाड रबरी पट्टा वापरा. साखळीच्या कडीला गोळी लागली की कडीचेही तुकडे उडतात. आपल्या भागात साखर कारखान्यांतून निकामी झालेला कन्व्हेयर बेल्ट सहज मिळतो, आणि या कामाला तो उत्तम आहे.

मांडणीबद्दल दोनच गोष्टी सांगतो, पण त्या नीट ऐका. पहिली: प्लेटची वरची कड नेमबाजाकडे थोडी झुकलेली हवी, म्हणजे शिंतोडे जमिनीत जातात. एकाच हुकावर टांगलेली प्लेट स्वतःभोवती फिरते आणि शेजारच्या लेनमध्ये शिंतोडे फेकते, म्हणून दोन हुक लावा. मोकळी झुलणारी प्लेट परतीच्या झोक्यात खालची कड नेमबाजाकडे आणते, तिचा चेहरा वर वळतो, आणि नेमकी तेव्हा दुसरी गोळी लागली तर तुकडे वर आणि मागे येतात. झोका पुढे येऊ नये म्हणून अडणी लावणं हे काम एका दुपारीत होतं.

दुसरी गोष्ट प्रेक्षकांची. आपल्याकडे पाहुणे बाजूला उभे राहतात, कारण गोळी सरळ जाते असं सगळ्यांना ठाऊक असतं. शिंतोडे मात्र प्लेटच्या कडांच्या रेषेत जातात. प्लेटच्या बाजूला, बांधावर उभा असलेला माणूस नेमबाजाच्या मागे उभ्या असलेल्या माणसापेक्षा जास्त धोक्यात असतो. म्हणून सगळ्यांनी फायरिंग पॉइंटच्या मागे उभं राहायचं आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर बाजूही झाकणारे पॉलिकार्बोनेटचे चष्मे हवेत. पाहुणे, पालक, चहा घेऊन आलेला मुलगा, कोणालाही सूट नको. नंबरचा साधा चष्मा हे संरक्षण नव्हे.

अंतराबद्दल आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल शूटिंगचे नियम पिस्तुलासाठी धातूच्या टार्गेटपासून किमान सात मीटर सांगतात. सरावात मी दहा मीटर धरायला सांगेन, रायफलसाठी शंभर. प्लेटचं खरं नुकसान गोळीच्या वजनापेक्षा तिच्या वेगाने होतं. आदळताना वेग सेकंदाला नऊशे मीटरच्या वर असेल तर ५०० ब्रिनेलच्या प्लेटवरही खळगे पडतात. उलट टोकाला फार सावकाश आलेली शिशाची गोळी नीट फुटत नाही, अख्खीच उसळून येते. पोलादी गाभ्याची गोळी प्लेटवर कधीही नको. गोळीला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर ती बॅच कागदी टार्गेटसाठी ठेवा. एअर रायफलचा शिशाचा छर्रा प्लेटवर चपटा होतो, पण पोलादी गोळ्या झाडणाऱ्या खेळण्यातल्या बंदुका प्लेटपासून कायमच्या दूर ठेवा. पोलादावर पोलाद आदळलं की ते चपटं होत नाही, बऱ्याच वेगाने परत येतं, आणि समोर असतो तो एखादा दहा वर्षांचा मुलगा.

दहा मीटरचा एअर हॉल चालवणाऱ्या बहुसंख्य मंडळींना वाटेल की हा विषय आपला नाही. पण तुमच्या कागदी टार्गेटमागच्या पेटीतही तिरकी पोलादी प्लेट आहेच. तिच्या तळाशी छर्ऱ्यांचा ढीग साचला की नवा छर्रा जुन्यावर आदळून बाहेर येतो. पेटी वेळेवर रिकामी करा. आणि तिथली धूळ कोरड्या झाडूने काढू नका. ती शिशाची धूळ आहे, ओल्या फडक्यानेच पुसायची. मुलांनी हात गार पाण्याने, साबणाने धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो, हे पालकांना सांगण्याची जबाबदारी प्रशिक्षकाची आहे.

रोजची तपासणी साधी आहे. सत्राआधी प्लेटला पांढरा रंग मारा. संपल्यावर हातमोजा घालून पृष्ठभागावरून बोट फिरवा. खळगा किंवा वर आलेली धार लागली तर प्लेटची ती बाजू बंद. गोळ्या खाऊन प्लेट हळूहळू मागे वाकते आणि समोरचा चेहरा पोकळ होतो. मग शिंतोडे एकत्र होऊन परततात. अशी प्लेट वेळीच उलटून लावावी, आणि दोन्ही बाजू गेल्या की मोडीत काढावी. ग्राइंडरने घासून गुळगुळीत करण्याचा मोह टाळा, कारण ग्राइंडरही आच देतो.

अध्यक्ष या नात्याने परिषदेसमोर मी दोन ठराव मांडतो. प्रत्येक रेंजवर प्लेटची नोंदवही असावी: खरेदीची तारीख, हीट नंबर, कठीणपणा, कोणती बाजू समोर आहे, कधी उलटली, कधी काढली. आणि प्लेट लाइनवरून उतरवण्याचा अधिकार रेंज अधिकाऱ्याचा एकट्याचा असावा. त्यासाठी त्याला सचिवाची परवानगी किंवा समितीची बैठक लागू नये, आणि स्पर्धा ऐन रंगात असली तरी त्याने ती उतरवावी. पैशाचा प्रश्न नंतर सोडवता येईल. बदली प्लेटचा खर्च क्लबाच्या वार्षिक अंदाजपत्रकात आधीच धरलेला असेल तर तो प्रश्न उरतही नाही. या दोन ठरावांवर उद्या सकाळच्या सत्रात मतदान व्हावं, अशी माझी विनंती आहे. सभागृहाबाहेरच्या टेबलावर वापरलेल्या आणि नव्या प्लेटचे तुकडे मांडले आहेत. मत देण्याआधी प्रत्येकाने त्यांच्यावरून बोट फिरवून पाहावं.