रुग्णसेवेतील सहकार्य



रुग्णसेवा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे डॉक्टर उभा राहतो. आम्ही स्वतः डॉक्टर. तेव्हा हे चित्र आम्हांला अप्रिय असण्याचे काही कारण नव्हते. परंतु ते अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणाची किंमत रोग्याला मोजावी लागते, एवढेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

एक साधे बाळंतपण घ्या. खेड्यातील गर्भार बाईची नोंद आशाताई करते; ही योजना २००५ साली सुरू झाली. उपकेंद्रातील परिचारिका वजन आणि रक्तदाब पाहते. प्रयोगशाळेत कोणी रक्त तपासतो. दिवस भरले की कोणी गाडी हाकतो. रुग्णालयात सिस्टर, आया, औषधे देणारा, आणि शेवटी डॉक्टर. मोजू गेल्यास आठदहा माणसांचे हात त्या एका बाईला लागतात. प्रत्येकाचे शिक्षण निराळे, पगार निराळा, आणि खरे सांगावयाचे तर मानही निराळा. हे सारे हात आपापल्या जागी कुशल असूनही रोगी कधी कधी दगावतो. तो एका हातातून दुसऱ्या हातात जाताना निसटतो.

आमच्याच हातून घडलेली गोष्ट सांगतो. नोकरीची पहिली वर्षे होती. रात्री एक बाई बाळंत झाली. मूल चांगले होते. सिस्टर म्हणाल्या, ‘डॉक्टरसाहेब, रक्त जरा जास्त जाते आहे.’ आम्ही दोन रात्री झोपलो नव्हतो. ‘आम्हांला कळते,’ असे काहीसे तुसडे उत्तर देऊन आम्ही खोलीत जाऊन पडलो. फडकी धुणारी आया मात्र मोजत होती. तिने सिस्टरांना सांगितले, ‘सिस्टर, हाई आठवं फडकं शे.’ सिस्टरांना ते पटले. पण मघाचे उत्तर त्यांच्या कानात होते. पुन्हा उठवावे की नाही, ह्या विचारात बराच वेळ गेला. त्यांनी दार वाजविले तेव्हा फार उशीर झाला होता. ती बाई वाचली नाही.

कागदावर कारण लिहिले: प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव. ते खोटे नव्हते. पण आमच्या खोलीपासून त्या खाटेपर्यंत पंधरा पावले होती, आणि आयेला जे कळले होते ते एवढे अंतर वेळेत ओलांडू शकले नाही, हे कारण लिहावयास कागदावर रकाना नव्हता. सिस्टरांचे तोंड आम्हीच बंद केले होते.

आपले दोंडाईचे सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे गाव आहे. तेव्हा दाखला रेल्वेचाच देतो. रुळांची निगा राखणाऱ्या साध्या कामगाराने लाल झेंडी दाखविली की भरधाव येणारा ड्रायव्हर गाडी थांबवितो. ह्याचे शिक्षण किती, हुद्दा कोणता, असे तो विचारीत नाही. रूळ तुटल्याचे प्रथम त्यालाच दिसणार, हे रेल्वेने मानले आहे. रुग्णालयात ती लाल झेंडी आयेच्या आणि सिस्टरच्या हाती आम्ही अजून मनापासून दिलेली नाही.

ज्यांनी ती दिली, त्यांची उदाहरणे आपल्याच महाराष्ट्रात आहेत. डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे ह्यांनी १९७० साली जामखेडला काम आरंभिले. पुढे त्यांनी गावच्याच स्त्रिया आरोग्यसेविका म्हणून निवडल्या. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या. ह्या बायका नियमाने केंद्रात येत, शिकत, आणि गावात काय चालले आहे ते डॉक्टरांना शिकवीत. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग ह्यांनी खेड्यातील स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकविले. ३९ गावांतील त्या प्रयोगाचा वृत्तांत १९९९ साली प्रसिद्ध झाला. दर हजार जन्मांमागे ६२ नवजात बालके मरत होती. ती संख्या २५ वर आली.

मोठ्या शस्त्रक्रियागृहांनाही हाच धडा घ्यावा लागला. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक तपासयादी काढली. चीर घेण्यापूर्वी सर्वांनी आपले नाव व काम मोठ्याने सांगावे, हे तिच्यातील एक कलम. दिल्लीसह जगातील ८ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शेकडा १.५ वरून ०.८ वर आले. सारे श्रेय त्या एका कलमाचे नव्हे. परंतु ज्याने एकदा आपले नाव सांगितले, त्याला पुढे ‘थांबा’ म्हणणे सोपे जाते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

कोणी विचारील, सगळेच बोलू लागले तर निर्णय कोणी करावयाचा? निर्णय डॉक्टरनेच करावा. त्याची जबाबदारीही त्याचीच. पण निर्णय करणे निराळे आणि आधी कळणे निराळे. आधी कळते ते बहुधा रोग्याजवळ बसलेल्या माणसाला. त्याने न भिता सांगावे, आणि डॉक्टरने उठून पाहावे. दहा वेळा उठणे व्यर्थ गेले तरी चालेल. अकरावी वेळ कोणती, हे आधी कोणासच ठाऊक नसते.

ह्यात आपणां नागरिकांचाही वाटा आहे. रोगी बरा झाला की आपण पेढे डॉक्टरला देतो, आणि काही बिघडले की राग सिस्टरवर काढतो. जिला आपण चारचौघांत अपमानितो, ती दुसऱ्या रोग्यासाठी धीटपणे कशी बोलेल? आशाताई दारी आली तर तिला बसावयास सांगा, तिचे ऐका. तिचा शब्द गावात चालला, तरच तो रुग्णालयात चालेल.

त्या रात्रीनंतर आम्ही एक नेम केला आणि निवृत्त होईपर्यंत पाळला. पाळीवर येताच आयेपासून सर्वांना विचारावयाचे, ‘मला सांगावे असे काही आहे काय?’ पुष्कळदा उत्तर ‘नाही’ असेच येई. कधी कधी ‘आहे’ असे येई, आणि त्यातून काही माणसे घरी चालत गेली. जी गेली नाही, तिचे ऋण मात्र फिटलेले नाही. ते थोडे तरी फिटावे म्हणून आज आपणांपुढे उभे राहिलो.