नोंदवहीत नाव कुणाचं?





माझे वडील हातमागावर लुगडी विणायचे. ते गेल्यावर त्यांचा धोटा मी एका संग्रहालयाला दिला. वर्षभराने पाहायला गेलो, तर काचेआड पाटी होती: ‘लाकडी वस्तू’. तो कुणाच्या हातात होता, त्यावर काय विणलं गेलं, एक अक्षर नाही. आमच्या घरात त्याला तेलुगू नाव होतं, तेही गेलं. ती पाटी मला अजून सलते.

संग्रहालयाच्या पेशात येणाऱ्या मुलामुलींना म्हणून माझी एक विनवणी आहे. नोंदणी, संवर्धन, अंदाजपत्रक हे सगळं शिकवता येतं. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे. पण लोकांच्या ओसरीवर बसून ऐकायची सवय स्वतःच लावून घ्यावी लागते. सोलापूरशेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर पाहा. हे प्राचीन तगर. तिथल्या पांढरीत सापडणाऱ्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी हौसेने, चिकाटीने जमवल्या. तेरच्या हस्तिदंती बाहुलीचं साम्य थेट पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी आहे, असं अभ्यासक सांगतात. आज तिथलं शासकीय संग्रहालय लामतुऱ्यांच्या नावाने ओळखलं जातं. गावच्या माणसाचं नाव दारावर असलेलं संग्रहालय! मला त्याचा फार अभिमान वाटतो.

  

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. मग आमच्या दालनांतल्या पाट्या एकाच भाषेत का? आणि नुसत्या पाट्या बदलून भागणार नाही: जुन्या मिलचा भोंगा ऐकून घराबाहेर पडलेली, आता ऐंशी ओलांडलेली माणसं जिने चढून आपल्याकडे येणार नाहीत. आपणच त्यांच्याकडे जायला हवं, आणि लवकर.

उद्या सकाळी आपण पूर्व भागातल्या एका मागावर जाणार आहोत. वही सोबत ठेवा. तिथल्या आजोबांना धोट्याचं त्यांच्या घरातलं नाव विचारा, आणि शेजारी त्यांचंही नाव लिहून घ्या.